सुनावणी कशी हवी

अपिलाच्या फॉर्मवर सगळ्यात शेवटी एक ओळ होती, 'सुनावणी कशी हवी?' आणि तिच्याखाली चार चौकोन. कागदपत्रांवरून, फोनवर, व्हिडिओवर, समक्ष. एकात बरोबरची खूण करायची. सरकारी अर्ज भरायच्या सेतू केंद्रात बाकावर बसून मी ती ओळ दोन-तीनदा वाचली. चहा कसा हवा हेसुद्धा मला कुणी विचारून वर्ष होत आलं होतं, कारण आई गेल्यापासून चहा मीच करते आणि मीच पिते. आणि इथं सरकार विचारत होतं, तुम्हाला कसं हवं. मला आधी संशयच आला.

भानगड पेन्शनची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी खात्यात कारकून होते. ते गेल्यावर पेन्शन आईला मिळायची. आईनंतर, दुसरा आधार नसेल तर, ती अविवाहित मुलीला मिळते. ती मुलगी म्हणजे मी. वय सत्तावन्न, गुडघे कुरकुरतात, उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. सत्तावन्नाव्या वर्षी आपल्याला मुलगी म्हणणारं सरकारशिवाय दुसरं कोण असणार.

मी गुलमंडीतल्या एका दुकानासाठी साड्यांना फॉल-पिको करते. करते म्हणजे करायचे. डोळ्यांनी साथ सोडली तसं दुकानदाराने काम कमी केलं, आणि त्याचं काही चुकलं असंही नाही, कारण माझे टाके वाकडे यायला लागले होते. पेन्शन मिळाली नाही तर पडेगावचं दोन खोल्यांचं घर विकायचं आणि गावाकडे चुलतभावाच्या ओसरीवर जाऊन पडायचं, एवढाच रस्ता उरला होता. चुलतभाऊ नाही म्हणाला नसता. त्याची बायको मला जेवताना किती चपात्या वाढते ते मोजत बसायची माझी तयारी नव्हती.

अर्ज केला आणि तो नामंजूर होऊन आला. कारणाच्या जागी लिहिलं होतं, 'अर्जदार विवाहित असल्याचे अभिलेखावरून दिसून येते.' ते वाचून मी एकटीच मोठ्यांदा हसले. अख्ख्या भावकीला तीस वर्षांत जमलं नाही ते एका साहेबाने एका ओळीत करून टाकलं होतं. पण ते अभिलेख कुठून आले हे मला पक्कं माहीत होतं. ते माझ्याच अक्षरात होते.

मी पंचवीस वर्षांची असताना माझं लग्न गंगापूरकडच्या एका घरात ठरलं होतं. सुपारी फुटली, तारीख धरली. मुलाकडच्यांनी सांगून पाठवलं की मुलीचं रेशनकार्डावरचं नाव कमी केल्याचा दाखला बरोबर द्या, म्हणजे इकडे लगेच नाव चढवता येईल. साखर-रॉकेलचे दिवस होते ते, घरात आलेल्या सुनेचं नाव कार्डावर चढलं की कोटा वाढायचा. लोक हे काम लग्नानंतर सवडीने करतात. पण अण्णा पडले कारकून. कुठलंही काम शेवटच्या दिवसावर ठेवणाऱ्या माणसाची ते आयुष्यभर कीव करत आले.

"लग्नाच्या धांदलीत कोण जातंय हापिसात," ते म्हणाले, "आत्ताच उरकून टाकू. घे कागद."

घरातले सगळे अर्ज मी लिहायचे. माझं अक्षर चांगलं होतं आणि अण्णांना त्याचं कौतुक होतं. मी मांडीवर पाट घेऊन लिहिलं, 'माझ्या मुलीचा विवाह झाल्याने तिचे नाव शिधापत्रिकेतून कमी करावे.' झाल्याने, असंच लिहिलं. लग्नाला अजून तीन आठवडे होते. होणार आहे म्हणून नाव कमी होत नाही, झाल्यावरच होतं, असं अण्णांनी समजावलं. त्यांनी खाली सही केली आणि दुसऱ्याच दिवशी दाखला घेऊन आले.

लग्नाला आठ दिवस असताना मध्यस्थ आला. बैठकीत बसला, तांब्याभर पाणी प्यायला आणि म्हणाला, "पोराचं मन नाय." एवढंच. पुढे काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. मी आत भाकरी थापत होते. हातातली भाकरी मी तव्यावर टाकली, पाणी लावलं, उलटली, शेकली आणि टोपल्यात ठेवली. का मोडलं हे मला तेव्हाही कुणी सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

महिन्याभराने आईने विषय काढला, की पोरीचं नाव परत कार्डावर चढवून घ्या. अण्णा म्हणाले, "दुसरं स्थळ येईलच की. परत चढवायचं अन परत उतरवायचं, कशाला उगं हेलपाटे?" तेव्हा ते पटलंही. दोन-चार स्थळं आली, बघून गेली. एक वर्ष गेलं, तीन गेली. मग नाव चढवणं म्हणजे हिचं आता काही होत नाही असं कबूल करण्यासारखं झालं, आणि ते कबूल कोण करणार? साखर दोघांची यायची आणि खाणारे तिघं होतो. तिसरीची सवय सगळ्यांना झाली, फक्त कार्डाला झाली नाही.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा त्यांनी खात्याला कुटुंबाची यादी दिली. ती रेशनकार्डावरून उतरवलेली. तिच्यात ते आणि आई. ज्या टेबलावर त्यांनी ती यादी भरली त्याच टेबलावर मी त्यांना चहा आणून ठेवला होता. ती यादी मी त्याच दिवशी वाचली आणि कप उचलून नेला. पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या मनात बसली ती बसलीच, की या माणसाने मला एकदा घरातून वजा केलं ते कायमचं. अण्णा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी त्यांचं सगळं केलं. जीव लावून केलं असं म्हणणार नाही.

तर सेतूच्या बाकावर बसून मी पहिल्या चौकोनात खूण केली. कागदपत्रांवरून. कारण सरळ होतं. 'माझं लग्न झालेलं नाही' हे वाक्य मला कुणापुढे तोंडाने बोलायचं नव्हतं. बाई एकटी राहते हे लोकांना दिसतं, ते समजून घेतात, त्यावर आपण वेगळं काही बोलावं लागत नाही. मी अख्खं आयुष्य हे वाक्य न बोलता काढलं होतं.

आठ-दहा दिवसांनी त्या ऑफिसातून एका मॅडमचा फोन आला. आवाज तरुण होता. म्हणाल्या, "ताई, तुम्ही कागदपत्रांवरून असं निवडलंय. ते तसंच ठेवायचंय का? बदलता येतं म्हणून विचारते."

"ठेवा तसंच," मी म्हटलं.

पानं उलटल्याचा आवाज आला. "कसंय ताई, तुमच्या फाईलमध्ये दोनच मुख्य कागद आहेत आणि दोन्ही तुमच्या विरोधात आहेत. साहेबांनी नुसते कागदच बघितले तर त्यांना तेच दिसणार."

"आधारकार्डावर माझ्या वडिलांचं नाव आहे की."

"लग्न झालेल्या कितीतरी जणींच्या आधारवर माहेरचंच नाव असतं. तुम्ही स्वतः काहीतरी सांगा. फोनवर सांगितलंत तरी चालेल, घरूनच, यायची गरज नाही. आणि तुमचं लग्न झालेलं नाही हे सांगणारं कुणी जुनं माणूस आहे का?"

मी विचार करून सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. कुणी आहे का, या प्रश्नाने मला जास्त लागलं. सांगणारी माणसं होती, पण त्यातली दोन आता फोटोत होती.

फोनचं बरं वाटलं म्हणून मी आधी त्याची तालीम करून बघितली. दुपारी चार वाजता, स्वयंपाकघरात, हातात बंद मोबाईल धरून. म्हटलं, "नमस्कार साहेब, माझं लग्न झालेलं नाही." आवाज असा घोगरा निघाला की मलाच ओळखू आला नाही. घसा खाकरला, पुन्हा बोलले. मग लक्षात आलं की त्या दिवशी सकाळपासून मी उच्चारलेले हे पहिलेच शब्द होते. आदल्या दिवशीही दूधवाल्याला 'अर्धा' म्हणाले होते, त्याउपर काही नाही. मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला स्वतःची भयंकर दया आली. अशी दया आली की मला राग येतो. त्या रागाच्या भरातच मी मॅडमना फोन लावला आणि सांगितलं, समक्ष लिहा.

नंतर लोकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना मोठी मोठी कारणं दिली. समोरासमोर बोललेलं बरं असतं वगैरे. खरं कारण इतकंच होतं की मला कुणाच्या तरी समोर बसायचं होतं. कुणीतरी मला विचारावं आणि मी सांगेपर्यंत उठून जाऊ नये.

साक्षीला मी शेजारच्या खालांना विचारलं, ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आहे हेही सांगितलं. त्यांचं घर आमच्या घराला लागूनच, मध्ये कमरेएवढी भिंत. आम्ही पडेगावला राहायला आलो तेव्हापासून त्या तिथं आहेत. त्यांचे मियाँ अर्जनवीस होते. तहसीलसमोर लिंबाखाली छोटं टेबल टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज लिहून द्यायचे, उर्दू, मराठी, जसा पाहिजे तसा. ते जाऊन दहाएक वर्षं झाली.

"हौ, बोलती ना मैं," खाला म्हणाल्या. "पर वो तीन मंजिल मेरे से नै चढ़ते. घुटने देख मेरे."

मी पुन्हा मॅडमना फोन केला. साक्षीदाराला वेगळा चौकोन निवडता येतो, असं त्या म्हणाल्या. तुम्ही समक्ष या, खालांना व्हिडिओवर घेऊ. खालांची सून मोबाईल धरायला तयार झाली. त्या दिवशी खालांनी सकाळीच आंघोळ करून नवा दुपट्टा घेतला, असं ती मला नंतर सांगत होती.

सुनावणीची खोली लहान होती. मला वाटलं होतं उभं राहून बोलावं लागेल. साहेब म्हणाले, "बसा." चष्मेवाला, पन्नाशीचा, दमलेला माणूस होता. त्यांनी फाईलमधून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"'विवाह झाल्याने' असं तुम्हीच लिहिलंय."

"हो. लग्न ठरलं होतं. वडील म्हणाले लिही, मी लिहिलं."

"मग?"

"मग झालं नाही."

तीन शब्द होते. ते बोलायला मला बत्तीस वर्षं लागली होती आणि साहेबांना लिहून घ्यायला अर्धं मिनिटही लागलं नाही. त्यांनी विचारलं, का नाही झालं? मी म्हटलं, माहीत नाही, मला कुणी सांगितलं नाही. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे बघितलं आणि तेही लिहून घेतलं. मला वाटलं होतं मी शरमेने मरेन. तसं काही झालं नाही, उलट पाठ टेकून बसावंसं वाटलं.

मग मॅडमनी स्क्रीन चालू केला. खालांचं नुसतं कपाळ आणि दुपट्ट्याची किनार दिसत होती. सुनेने मोबाईल मागे घेतल्यावर बाकीच्या खाला आल्या.

"अम्मा," साहेब म्हणाले, "इनकी शादी हुई थी?"

"नै साब. हल्दी कूट के रखी थी इसकी माँ, वैसीच रह गई."

"आपके पास उस बारे में कोई कागज है?"

हे ते सगळ्यांनाच विचारत असावेत. मी आपलं नाही म्हणायला तोंड उघडलं. पण खाला मोबाईलजवळ सरकल्या. त्या स्क्रीनवरून माझ्याकडेच बघत होत्या असं मला वाटलं.

"है," त्या म्हणाल्या. "पर इसकू नै दिखाने का था. इसका बाप मना किया था. अब साब पूछ रे तो बोलना पड़ता."

आणि त्यांनी सांगितलं. लग्न मोडल्यावर दीड-दोन वर्षांनी अण्णा त्यांच्या मियाँकडे गेले होते. स्वतः कारकून असलेला माणूस तहसीलसमोर लिंबाखाली बसला आणि दुसऱ्याकडून अर्ज लिहून घेतला, कारण घरातले सगळे अर्ज ज्या मुलीच्या अक्षरात असायचे तिच्याकडून हा अर्ज लिहून घेता आला नसता. सही केली. रांगेत उभेही राहिले. संध्याकाळी तोच कागद परत आणून खालांच्या मियाँना दिला. "बोले, आज नै हुआ मेरे से, अगले महीने देता. तुम्हारे पास रखो, घर में बच्ची देख लेगी. फिर हर साल पूछते थे दीवार पे से, वो कागज है ना? हम बोलते, है."

सून आत जाऊन पेटीतून कागद घेऊन आली. आधी उलटा धरला, मग मॅडमनी सांगितल्यावर सुलटा केला. साहेब खुर्ची पुढे ओढून स्क्रीनच्या जवळ गेले आणि ऑफिसात वाचतात तसं, एकसुरी, मोठ्यांदा वाचायला लागले.

'माझ्या मुलीचे लग्न ठरले होते ते होऊ शकले नाही. नाव कमी करण्यात माझी घाई झाली. यात मुलीचा काही दोष नाही. ती माझ्या घरातच आहे आणि राहील. तरी तिचे नाव माझ्या नावाखाली पूर्ववत लावावे, ही विनंती.'

यात मुलीचा काही दोष नाही. नाव चढवायच्या अर्जात या वाक्याची काही गरज नसते. जन्मभर अर्ज हाताळलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच. तरी त्यांनी ते घालायला सांगितलं होतं, आणि मग तो कागद खिडकीपर्यंत नेऊन परत आणला होता. जे मी घरात बसून त्यांच्या तोंडून एकदा ऐकायला काहीही दिलं असतं, ते मला एका अनोळखी माणसाच्या आवाजात, तिसऱ्या मजल्यावर, पंख्याच्या घरघरीत ऐकावं लागलं. मला रडू आलं. साहेबांनी मॅडमना पाणी द्यायला सांगितलं आणि मूळ कागद चार दिवसांत जमा करा म्हणाले.

बसने पडेगावला उतरले ती सरळ खालांकडे गेले. त्या दारातच बसल्या होत्या.

"नाराज है?"

"हो," मी म्हटलं. "इतकी वर्षं? ते गेल्यावरसुद्धा?"

"अर्जनवीस का घर है बेटा. किसी का कागज किसी कू नै दिखाते," त्या म्हणाल्या. "और नाम का कागज है इत्ताच मालूम था, अंदर क्या लिखा मैं क्या जानती. मेरेकू मराठी पढ़ने आती क्या?"

यावर भांडण कसं करायचं? मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. सुनेने चहा आणला, न विचारता, साखर जास्त घातलेला. मी तो सगळा प्यायले. अण्णांच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे, हे मला त्या पायरीवर आठवलं आणि ते अजून रोज आठवतं. त्याचं अपील कुठं होत नाही.

दीड महिन्याने निकाल पोस्टाने आला. अपील मंजूर. मी तो उभ्याउभ्या वाचला, मग खुर्चीत बसून मोठ्यांदा वाचला. घरात ऐकायला कुणी नव्हतं. भिंतीवरून खालांना हाक मारली तर त्या नमाजाला बसल्या होत्या. वाट बघितली, मग सांगितलं.

घर राहिलं. आता त्या घरात एका माणसाचं तरी नाव असावं म्हणून पुढच्या आठवड्यात मी रेशनच्या ऑफिसात गेले. जुन्या कार्डावरची दोन्ही माणसं गेलेली, म्हणजे ते कार्ड रिकामंच होतं. मी अण्णांच्या अर्जाची झेरॉक्स पुढे केली. खिडकीतल्या माणसाने ती वाचली आणि म्हणाला, "बाई, हे अर्जदार हयात नाहीत. हा चालत नसतो. तुमच्या नावाने नवीन लिहा."

मी बाकावर बसून नवीन लिहिला. अक्षर आता तसं राहिलेलं नाही, ओळ उतरती जाते. कुटुंबप्रमुख या जागी माझं नाव घातलं. कुटुंबातील एकूण व्यक्ती, एक. नाव समाविष्ट करण्याचे कारण, या रकान्यापाशी मी अण्णांची झेरॉक्स पुन्हा वाचली. मग लिहिलं, 'मी माझ्या वडिलांच्या घरातच आहे आणि राहीन. यात माझा काही दोष नाही.'

खिडकीतल्या माणसाने वाचून पेन उचललं. "एवढं लागत नाही इथं," तो म्हणाला. "खोडून देऊ का?"

"नको," मी म्हटलं. "असू द्या."